पाठ दाराला

सोमवार, ४

खोली आणि नोकरी एकाच दिवशी मिळाली. असं माझ्या बाबतीत फारसं होत नाही, म्हणून लिहून ठेवते. खोली वरच्या मजल्यावर आहे, बाहेरून लोखंडी जिना. एक खिडकी, एक टेबल, न डुगडुगणारी खुर्ची. खाली घरमालक राहतात. ते रुग्णवाहिका चालवतात. सगळे त्यांना दादा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला वहिनी, म्हणून मीही तेच सुरू केलं. वहिनींनी येताक्षणी विचारलं की मी रात्री पाय आपटत चालते का. दादा म्हणाले, ती काय घोडा आहे का.

कार्यालयात यंत्र मिळालं. हातात मावणारं जीपीएस, साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, कडेनं रबर, मनगटात अडकवायला पट्टा. रस्त्याचं नाव आणि घरक्रमांक टाकला की पडद्यावर लाल खूण उमटते आणि बाण तिकडे वळतो. माझं काम एवढंच. पत्ता शोधायचा, बाणामागे जायचं, खूण खरोखर त्या दारावर येते का ते पाहायचं. येत नसेल तर नवी करायची. संध्याकाळी यंत्र भिंतीवरच्या खाचेत ठेवलं की दिवसभराच्या खुणा रुग्णवाहिकांच्या यंत्रांत उतरतात.

साहेबांनी एकच नियम सांगितला. खूण करताना पाठ दाराला टेकली पाहिजे. फाटकातून नाही, पायरीवरून नाही. मला हसू आलं. ते म्हणाले, हसू नका, फाटक ते दार एवढ्या अंतरात माणूस जातो.

दादांनी माझं नाव पत्तेवाली ठेवलं आहे. डाव कधी मांडायचा, असं विचारत होते.

बुधवार, ६

काम आवडतं आहे. दार वाजवायचं, सांगायचं, वळायचं, पाठ टेकायची, बटण दाबायचं. यंत्रातली बाई म्हणते, आपण पोहोचलात. तिचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा आहे, चुकलं तर रागवेल असा.

लोकांना वाटतं मी काहीतरी विकायला आले आहे. एका म्हाताऱ्यानं नको नको म्हणत आधीच दार लावून घेतलं. आज कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या घरी गंमत झाली. मी पाठ टेकून उभी, त्यानं आतून दार उघडलं आणि मी उताणी थेट त्याच्या घरात. त्याची बायको म्हणाली, आता आलीच आहेस तर बस. खूप हसलो. नंतर रस्त्यानं जाताना मात्र पाठीत काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मागचा आधार जातो तो क्षण वाईट असतो.

दादांना सांगितलं. ते म्हणाले की त्यांचा सगळा जीव माझ्या पाठीवर आहे. त्यांना रस्ते ठाऊक आहेत, पण टेकडीवरची नवी वस्ती नाही. तिकडे ते यंत्र सांगेल तसेच जातात.

शनिवार, ९

टेकडीची वस्ती संपवली. नव्या चपलांनी दोन्ही टाचा सोलल्या आहेत. शेवटचं घर ओढ्यापलीकडे, उंच पायऱ्यांच्या टोकाला. मी अलीकडे, पाण्याच्या टाकीजवळ होते. वर खिडकीत एक म्हातारी बाई दिसली, निळी शाल घेतलेली. तिनं हात हलवला, वर ये म्हणून. मीही हात हलवला.

ते एक घर टाकीच्या भिंतीशी बसूनच करून टाकलं. समोरच तर दिसत होतं. सोमवारी जाऊन नीट करेन.

मंगळवार, १२

काल दुसऱ्या भागात पाठवलं. टेकडीवर जायचं राहिलं.

आज संध्याकाळी दादा आले आणि चपला न काढता आत बसले. वहिनींनी मला खाली बोलावलं, ते माझ्याशी तरी बोलतील म्हणून. बोलले. टेकडीवरून फोन होता, म्हाताऱ्या बाईला श्वास घेता येत नव्हता. यंत्रानं त्यांना टाकीच्या भिंतीशी नेलं आणि सांगितलं, आपण पोहोचलात. समोर भिंत. ओढ्यापलीकडून एक म्हातारा दोन्ही हात वर करून ओरडत होता. तिथून गाडी जायला पूल नाही. दादा खालून वळसा घालून वरच्या रस्त्यानं गेले. सोबतच्या माणसांनी तिला आणलं तेव्हा चादर चेहऱ्यावर ओढलेली होती. दादा चालकाच्या जागेवरून उठलेही नव्हते. म्हणाले, मी तर तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

मग त्यांनी मला विचारलं की यंत्र असं कसं करेल. मी म्हणाले, कधीकधी करतं.

बुधवार, १३

हे लिहायलाच हवं, कारण कुणाला सांगणार नाही.

सकाळी लवकर कार्यालयात गेले. कुणी आलेलं नव्हतं. यंत्र खाचेतून काढलं, तो पत्ता शोधला. लाल खूण टाकीशी होती, मी ठेवली तिथेच. बोटानं ओढून ती पायऱ्यांच्या वर, त्या घरावर नेली. खुर्चीत बसून. यंत्र परत खाचेत ठेवलं.

नंतर साहेबांनी दादांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर तो पत्ता शोधला. खूण दारावर. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही वर गेला होतात ना, पाठ दाराला होती ना. मी हो म्हणाले. दादांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपलंच काही चुकलं असेल, अशा नजरेनं.

शुक्रवार, १५

दादांना घरी बसवलं. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी, पंचवीसला, चौकशी. गाडी वाटेत कुठेतरी थांबवली आणि आता यंत्रावर ढकलतात, असं कार्यालयात बोलतात. नोकरी जाईल असंही.

ते अंगणात बसून गाडीचे आरसे पुसायचं फडकं धूत होते. मला पाहून म्हणाले, काय पत्तेवाली, आज किती घरं. वहिनींनी वर ताट आणून दिलं. म्हणाल्या, तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझं काम चोख आहे, हेच म्हणतात ते.

ताट तसंच परत कसं द्यायचं, म्हणून सगळं खाल्लं.

सोमवार, १८

सकाळी सहज तो पत्ता शोधला. खूण पुन्हा टाकीशी.

मी ओढली. तिनं ऐकलं नाही. म्हणून शेवटी पायऱ्या चढून गेले.

आजोबांनी दार उघडलं. यंत्र पाहताच ओळखलं. म्हणाले, तूच का ती. तिनं त्या दिवशी सांगितलं होतं, खाली एक मुलगी आहे, हात हलवला तिनं, येते आहे वर. चहाचं आधण ठेवलं होतं तिनं. अंधार पडेपर्यंत खिडकीतून हलली नाही. म्हणत होती, दमली असेल, चढण मोठी आहे.

त्यांनी पाणी दिलं. मी प्यायले. ते आत गेले तेव्हा पाठ दाराला टेकली आणि बटण दाबलं. यंत्र म्हणालं, या ठिकाणी पत्ता नाही.

पुन्हा दाबलं. तेच.

पायऱ्या उतरताना पलीकडे पाहिलं. टाकीच्या भिंतीशी कुणीतरी बसलं होतं. निळी शाल. तोंड माझ्याकडे. हात वर.

मी हात हलवला नाही.

बुधवार, २०

खूण टाकीशी नाही. खालच्या पुलावर आहे. काल पुलाच्या अलीकडे होती.

दिवसभर पाहत राहिले. थोडी सरकते, मग खूप वेळ थांबते. मग थोडी सरकते. यंत्र बिघडलं तर खूण उडत फिरते, अशी चालत नाही. दम लागलेलं माणूस चालतं, तशी.

साहेबांना दाखवायला घेऊन गेले. मग वाटलं, दाखवायचं तर आधीचंही सांगावं लागेल. दारातूनच परत आले.

गुरुवार, २१

खूण शिंप्याच्या कोपऱ्यावर.

शिंप्याच्या बायकोनं हाक मारून सांगितलं, एक म्हातारी मघाशी पायरीवर टेकली होती, तुला विचारत होती. नाव नाही. यंत्रवाली मुलगी, म्हणाली. माझं घर तिनं यंत्रात लावायचं राहिलंय, असं म्हणाली. मी घाईत आहे म्हणाले.

शुक्रवार, २२

यंत्र आज खाचेत ठेवलं नाही, घरी आणलं. कपाटात, कपड्यांखाली. बंद केलेलं. तरी आतून बाईचा आवाज. पुढे सरळ जा. थोड्या वेळानं, पुढे सरळ जा.

खाली दादा वहिनींना सांगत होते की त्यांनी बहुतेक रस्ता खरंच चुकवला असेल. आता त्यांनाही तसं वाटायला लागलंय. इतका साधा माणूस, मीच त्याला खोटं—

उद्या सांगेन.

शनिवार, २३

सांगायला खाली गेले. दादा मला पाहून उठले, खुर्ची दिली. म्हणाले, चौकशीत तुला बोलावतील, घाबरू नकोस, जे खरं ते सांग. वहिनी डोळे पुसत होत्या.

मी म्हणाले, जिन्याची तिसरी पायरी हलते आहे.

दादांनी लगेच पाना आणला आणि घट्ट केली.

खूण आमच्या गल्लीत.

रविवार, २४

दुपार. वहिनी बाहेर गेल्या आहेत. दादा अंगणात.

कपाटातलं यंत्र टेबलावर काढलं. तिचा पत्ता शोधला. तिच्या रस्त्याचं नाव, तिचा घरक्रमांक, आणि नकाशावर आमचं घर. माझा पत्ता शोधला. असा पत्ता नाही.

आता सांगते. खिडकीतून ओरडून सांगते. दादा, तुम्ही चुकला नव्हतात. एवढंच तर—

तोंड उघडलं. त्यांनी वर पाहिलं, हसले. काय पत्तेवाली.

काही नाही म्हणाले.

फाटक वाजलं.

दादा कुणाला तरी या म्हणताहेत. बसा, पाणी देतो म्हणताहेत. कुणाकडे जायचंय. हो हो, इथेच राहते, वरच—

दादा, नको. त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. चादर होती. त्यांना कळणार कसं—

दाराला कडी लावली. पाठ दाराला लावून बसले आहे. वही गुडघ्यावर. ओरडले तर तिला कळेल मी आत आहे. ओरडले नाही तर—

जिन्यावर पावलं. दोन माणसांची. एक पायरी. थांबतात. श्वास. एक पायरी.

दादांनी तिचा हात धरलाय. सावकाश आजी, म्हणताहेत. शाल सांभाळा. तिसरी पायरी कालच घट्ट केली. काळजी करू नका, घर बरोबर आहे, तुम्हाला दारापर्यंत सोडतो.

सांगते. दादा, मी टाकीशी बसून, मी वर गेलेच नव्हते, मी—

आवाज येत नाही. लिहितेय फक्त.

टेबलावरून बाई म्हणाली, आपण पोहोचलात.

कडी मी लावली होती. लावली होती ना. पाठीमागचं दार आत—