चेंडूवरचा लाल ठिपका

शनिवार, ४ मे

आज परत झालं.

हॉलमध्ये भुंग्याचा दुधाचा कप आडवा ठेवून नवरा पटचा, गोल्फमधल्या जवळच्या हलक्या फटक्याचा, सराव करत होता. चेंडू कपापासून जेमतेम हातभर. एवढासा हलका फटका, आमची लेक भुंगासुद्धा मारेल — आणि ती सहा वर्षांची आहे! काठी मागे नेली, पुढे आणताना उजव्या मनगटाला झटका बसला आणि चेंडू सोफ्याखाली. म्हणे, कार्पेट सरकलं. कार्पेटवर अख्खा सोफा आहे आणि वर मी उभी. सरकायची काय बिशाद!

मी ‘हो का’ म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

मला भीती वाटते. बोलायला कुणी नाही म्हणून इथे लिहिते.

मंगळवार, ७ मे

दवाखान्यात दुपारी एक दाढ काढायची होती. पेशंटचा जबडा बधिर, तोंडात कापूस, तरी मला विचारतोय — यंदा सतरावी का हो मॅडम? मी म्हटलं, आ करा.

भिंतीवरच्या टीव्हीवर तेच. ‘गोल्फच्या इतिहासातले सर्वांत यशस्वी विजेते.’ दहा-बारा जणांची यादी, आणि सगळ्यात वर दोन चेहरे शेजारी शेजारी. डावीकडे माझे सासरे, बाबा, सोळा मोठ्या स्पर्धा. उजवीकडे माझा नवरा, सोळा. बापाने रचलेला डोंगर मुलगा चढला, अगदी शेंड्यापर्यंत, आणि चार वर्षं तिथेच उभा आहे. एक पाऊल वर टाकलं की जगात त्याच्या वर कुणी नाही. त्या एका पावलानेच त्याला खाल्लं. सोळावी जिंकली, त्याच्या पुढच्या महिन्यात झटका सुरू झाला. लांबचे फटके अजून बघत राहावेत असे. जवळचा आला की संपलं.

हे तीन माणसांना माहीत आहे. त्याला, मला आणि कॅडीकाकांना. काका पूर्वी बाबांची बॅग उचलायचे, आता ह्याची उचलतात. त्यांच्या पोटातून शब्द बाहेर पडायचा नाही.

बुधवार, ८ मे

संध्याकाळी सासरी. बाबा खिडकीपाशी, गुडघ्यांवर शाल. वय झालं पण आवाज तसाच, पडदे हलतील असा. कुठल्याशा तरुण खेळाडूबद्दल म्हणाले, ज्याचा हात थरथरतो त्याने बागेत झाडांना पाणी घालावं. नवरा कप बशीवर न ठेवता हातातच धरून बसला होता. बशी वाजली असती ना.

मग भुंग्याने आजोबांना ‘ती’ गोष्ट सांगायला लावली. गोल्फच्या प्रत्येक क्लबमध्ये पोरांना हीच गोष्ट सांगतात. शेवटचा दिवस, शेवटचं होल, बाबा बरोबरीत, चेंडू उंच गवतात. मारायच्या आधीच चेंडू जरासा हलला. कुणी पाहिलं नाही. बाबांनी हात वर केला, स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला आणि स्पर्धा हरले. सोळा विजय एकीकडे आणि ती एक हार एकीकडे. त्यांच्या नावाने खिलाडूपणाचं बक्षीस आहे, ते त्या हारीमुळे.

सासूबाई आत गवार मोडत होत्या. ही गोष्ट सुरू झाली की त्या नेहमी उठून आत जातात. शंभरदा ऐकली असेल, कंटाळा येत असणार.

निघताना आईंनी मला विचारलं, झोपतेस का? मी म्हटलं, हो. म्हणाल्या, खोटं बोलतेस, डोळे बघ आरशात.

रविवार, १२ मे

लग्नानंतरच्या पहिल्याच स्पर्धेत आईंनी मला शिकवलं होतं — दोरीपलीकडे उभी राहिलीस की त्याच्या हातांकडे बघू नकोस, तोंडाकडे तर नाहीच. चेंडू बघ. नवरे बघितले की जीव जातो, चेंडू बघितला की निदान काय झालं ते कळतं. तेव्हा हसले होते. आता मी फक्त चेंडू बघते. गेल्या चार वर्षांत त्याचे हात मी मैदानावर पाहिलेलेच नाहीत.

बुधवार, १५ मे

स्पर्धेच्या गावी पोचलो. हॉटेलची खोली, एकसारख्या दोन खुर्च्या, खिडकी न उघडणारी. बाबा-आई बाजूच्या खोलीत. बाबा चार वर्षांनी आलेत! डॉक्टर नको म्हणत होते, पण माझा विक्रम मोडताना मी घरी बसू का, म्हणाले. कौतुकाने म्हणाले की दम दिला, बाबांचं कधी कळत नाही. नवऱ्याने न्याहारीला काही खाल्लं नाही.

भुंग्याने शाईच्या पेनने सगळ्या चेंडूंवर लाल ठिपके काढून दिले. आपला चेंडू ओळखू यावा म्हणून प्रत्येक खेळाडू खूण करतो. आमच्या घरात हे खातं भुंग्याकडे. ठिपके टपोरे, वाटाण्याएवढे.

गुरुवार, १६ मे

बरा खेळला. जवळचे पट आलेच नाहीत. वाचलो.

शुक्रवार, १७ मे

एक चुकला. हवेने ढकलला असं टीव्हीवाले म्हणाले. हवा नव्हती.

शनिवार, १८ मे

पुढे आहे! एका फटक्याने, सगळ्यांच्या पुढे. लोक मला हात मिळवायला येतात आणि माझे हात बर्फासारखे. एक बाई म्हणाली, किती शांत आहात हो तुम्ही. दातखीळ बसलीय, बाई, शांत कसली.

खोलीत येऊन तो आंघोळीला गेला. पाणी चालू, पण अंगावर पडत असल्यासारखा आवाज नव्हता. दार ठोठावलं तर म्हणाला, येतोय. बाहेर आला तेव्हा केस कोरडे. पलंगावर बसून एवढंच म्हणाला, “उद्या सगळ्या जगासमोर चुकला तर? बाबांसमोर?”

मी त्याचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. आतून बारीक बारीक काहीतरी पळत होतं. दवाखान्यात घाबरलेल्या पेशंटला मी सांगते, काही नाही होणार, डोळे मिटा. मला ते त्याला म्हणता आलं नाही.

सोमवार, २० मे

काल हरला. एका फटक्याने.

नीट लिहायला हवं. शेवटच्या होलला येईपर्यंत तो एका फटक्याने पुढेच होता. सोबतच्या खेळाडूने आपलं होल चार फटक्यांत संपवलं. ह्याचा दुसरा फटका ग्रीनच्या, होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, कडेला, उंच गवतात जाऊन थांबला, माझ्यासमोरच, दोरीपासून तीन-चार हातांवर. आता हिशोब सरळ होता. दोन फटक्यांत आत गेला तर सतरावी. म्हणजे एक उचलून ग्रीनवर टाकायचा आणि मग एक जवळचा पट. तो जवळचा पट! कॅडीकाका झेंड्यापाशी उतार बघायला गेले होते. बाबा वर क्लबच्या गच्चीत खुर्चीवर.

तो चेंडूपाशी उभा राहिला. काठी मागे टेकवली. आणि एकदम मागे सरला, हात वर केला, पंचांना बोलावलं. म्हणाला, “मी काठी टेकवली आणि चेंडू हलला. माझ्यावर दंड लावा.”

एवढी माणसं, पण चिटपाखरू नाही असं वाटलं. पंचांनी दोनदा विचारलं, नक्की ना? कॅमेरा त्याच्या पाठीमागे होता, त्यात काही दिसत नव्हतं. अशा वेळी खेळाडूचा शब्द मानतात. एक फटका वाढला, म्हणजे आता पट आत गेला तरी नुसती बरोबरी. मग त्याने चेंडू उचलून केसभर इकडे ठेवला, ग्रीनवर टाकला, जवळचा पट चुकला, पुढचा घातला. संपलं. पण चुकलेल्या पटबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कितीतरी जण रडत होते. जिंकलेल्याला कुणी विचारेना.

आणि बाबा! काठी टेकत जिना उतरून आले. सोळा विजयांत ज्या माणसाने मुलाची पाठ थोपटली नाही, तो त्याच्या गळ्यात पडला. म्हणाले, “आज तू माझ्या पुढे गेलास.” सगळ्यांच्या देखत.

आई मागे उभ्या होत्या. त्या बाबांकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

मंगळवार, २१ मे

सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर. बाप तसा बेटा. बाबांचा जुना फोटो आणि ह्याचा नवा, दोघांचेही हात वर. फोन थांबत नाही. बाबांच्या नावाचं बक्षीस यंदा ह्यालाच देणार म्हणे.

आणि तो झोपलाय. दुपारी दोन वाजता, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा. चार वर्षांत अशी झोप बघितली नव्हती.

गुरुवार, २३ मे

लिहून टाकते. नाही लिहिलं तर कुणासमोर तरी तोंडातून निघेल.

चेंडू हलला नाही.

मी चेंडूच बघत होते. दुसरं काही बघतच नाही मी! भुंग्याचा लाल ठिपका माझ्याकडे तोंड करून होता, वाटाण्याएवढा, गवताच्या दोन पात्यांच्या मध्ये. काठी टेकली तेव्हा तो तिथेच होता. नवरा मागे सरला तेव्हा तिथेच. पंच आले, वाकले, तेव्हाही तिथेच. केसभर हलला असता तर ठिपका पात्याआड गेला असता. ह्याने स्वतःच्या हाताने उचलला, तोवर चेंडू जागचा हलला नव्हता.

म्हणजे त्याला तो जवळचा पट जिंकण्यासाठी मारायचाच नव्हता. चुकला तर चुकला, पण भित्रा म्हणून नव्हे, सज्जन म्हणून हरायचं. आणि बापाच्याच गोष्टीत जाऊन लपला. मला राग यायला हवा. येत नाही, नुसती भीती वाटते. कुठल्या तरी प्रेक्षकाच्या फोनमध्ये ते आलं असेल तर? बाबांना कळलं तर? ते जगायचे नाहीत. आणि कधीच नाही कळलं तर? उरलेला जन्म तो हे पोटात घेऊन काढेल, आणि मीही, एकमेकांना न सांगता, एका पलंगावर.

आज त्याने विचारलं, तू कुठे उभी होतीस गं? मी म्हटलं, लांब. गर्दी होती, काही दिसलंच नाही. तो हो म्हणाला. मग कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसला.

शनिवार, २५ मे

कार्पेटवर भुंग्यासोबत पट मारत होता. सगळे कपात गेले. एकदाही झटका नाही! भुंगा टाळ्या पिटत होती. मी दारात उभी राहून त्याचे हात बघितले. बघवले.

भीती गेली नाही. तिने फक्त जागा बदलली.

रविवार, २६ मे

सासरी जेवायला. बाबा भुंग्याला गोष्ट सांगायला बसले, आता एकाऐवजी दोन. आई उठून आत गेल्या. मीही गेले. काय झालं कुणास ठाऊक, ओट्यापाशी उभ्या उभ्या मला रडू फुटलं. आईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं, दार लोटलं आणि विचारलं, “तूही चेंडूच बघत होतीस ना?”

मी मान हलवली.

“ह्यांचाही हलला नव्हता,” आई म्हणाल्या. “दोन वर्षं हात थरथरत होता तेव्हा. त्यानंतर सात स्पर्धा जिंकले. डोळे पूस, आणि चल बाहेर. गोष्ट संपत आली असेल.”