केटल खोऱ्यातला घोगरा पक्षी

फेअर्ली, ३ नोव्हेंबर

ती. लॅकीमामांस, ब्रायरचा सा. न. वि. वि. नव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार.

ऑगस्टात बसवलाय तो, जपा. डॉक्टरांनी नाताळपर्यंत डोंगर बंद सांगितलाय, आणि तुमचे बूट दडवायला आईने शेजारच्या मॉरीनकाकूंना बजावलंय.

बातमी वाईट आहे. अभयारण्याची हिनेमोआ म्हणते, केटल खोऱ्यात तीन वर्षांत एकाही गिर्यारोहकाने पिवाउवाउची नोंद दिलेली नाही. वीस तारखेपर्यंत तो पिटुकला पक्षी सापडला नाही, तर अंडी खाणाऱ्या, मुंगसासारख्या स्टोटांसाठी लावलेले सापळे उचलून दुसऱ्या खोऱ्यात नेणार. पक्षीच नाहीत तर राखण कुणाची, असं तिचं म्हणणं. मामा, ते सापळे तुम्ही पाठीवर वाहून नेलेत. मला फार वाईट वाटतंय. रविवारी जाते. तुम्ही शिकवलंत तसं करीन: दर कड्यापाशी तीनदा शीळ, पाच मिनिटं कान, मग फॉर्म.

तुम्ही घरी बसा. फोन वापरत नाही, निदान पत्र तरी टाका.

तुमची लाडकी,
ब्रायर

फेअर्ली, ९ नोव्हेंबर

ती. मामांस, सा. न. वि. वि. आनंदाने अक्षर वाकडं येतंय.

रविवारी वादळ येणार म्हणून कालच चढले. दहा वाजता पश्चिमेच्या कड्यावरून शीळ घातली, तर धुक्यातून, पूर्वेकडून उत्तर! मी घातली, त्याने घातली. चाळीस मिनिटं, मामा! वयस्कर नर असावा. आवाज घोगरा, मध्येच दम खातो. फॉर्म पाठवला, गावभर सांगून झालं, आईने पावलोव्हा केकसुद्धा केला. तुमचा वाटा मीच खाल्ला.

तुमची विजयी भाची,
ब्रायर

ट्वायझल, ९ नोव्हेंबर

चि. ब्रायरला अनेक उत्तम आशीर्वाद.

मी घरीच आहे. गुडघा जरा सुजलाय, पण ते जिना चढउतार केल्यामुळे. माझे एक परिचित, ग्रे नावाचे, तू ओळखत नाहीस, काल केटल खोऱ्यात पूर्वेच्या बाजूला होते. दहा वाजता त्यांना पिवाउवाउने उत्तर दिलं! तरुण मादी असावी म्हणतात. सूर कच्चा, पण गप्प बसेल तर शपथ. बिचारे चाळीस मिनिटं पुरून उरले. फॉर्मही धाडलाय. सापळे वाचले बघ! घरबसल्या मला इतका आनंद झाला की उतरताना दोनदा पडलो. जिन्यावरून.

आईला हे वाचून दाखवू नकोस.

तुझा,
लॅकीमामा

फेअर्ली, १४ नोव्हेंबर

ती. मामांस, आज नमस्कार फक्त गुडघ्याला.

तुमचं घर बैठं आहे. जिना कुठला? घोगरा नर तुम्ही आणि कच्च्या सुराची मादी मी! आणि कच्चा कुणाचा सूर हो? शिकवला कुणी?

दोन्ही फॉर्म रद्द करा, असं मीच हिनेमोआला कळवलं. कळवताना रडले. पण खोट्या नोंदीवर सापळे राखणं तुम्हालाही पचलं नसतं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, बावीस तारखेला हेलिकॉप्टर सापळे उचलायला जातंय, तुम्ही चला. कुठल्या कपारीत कुठला सापळा, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? मला मात्र बंदी. आपण दोघं पुन्हा एका खोऱ्यात नकोत म्हणे.

रागावलेली, तरी तुमचीच,
ब्रायर

ट्वायझल, २४ नोव्हेंबर

चि. ब्रायरला अनेक आशीर्वाद, आणि सुराबद्दलचे शब्द मागे.

उतरताच हिनेमोआने माझ्या तोंडात बार्ली शुगरची गोळी कोंबली आणि बजावलं, शीळ ऐकू आली तर चालत परत यायचं. पाच सापळे उचलले. सहाव्यासाठी कपारीत शिरताना माझ्या पिसांच्या जाकिटाची बाही फाटली, तशी खडकावर बसकण मारली. शीळ घालायची चोरी, म्हणून नुसता बसून राहिलो.

अर्ध्या तासाने बाहीला काहीतरी ओढू लागलं. बघतो तर पिवाउवाउ! घरट्यासाठी माझं जाकीट उपसत होता. एक पीस नेलं, परत आला, दुसरं नेलं. मग बायकोलाही घेऊन आला. मी ओरडलो नाही गं, पण डोळ्यांतलं पाणी पार हनुवटीवर आलं. हिनेमोआने फोटो काढले आणि पाचही सापळे जागच्या जागी परत ठेवायला लावले.

फॉर्मवर ‘पक्षी कसा आढळला’ असा रकाना असतो ना, त्यात आपण इतकी वर्षं ‘शीळ घातल्यावर’ असंच लिहीत आलो. तिने लिहिलं, ‘लॅकी गप्प बसल्यावर.’

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
लॅकीमामा