सिंह नसलेली तलवार

२ ऑक्टोबर १९९७

रूपर्टचा फोन. यंदा २१ तारखेला, ट्रफाल्गरच्या आरमारी विजयाच्या जेवणाला, शेकोटीवरच्या तलवारीखाली पितळी पाटी हवी. पाटी मी करून आणायची, भाषण तो करणार. आम्हा भावंडांतली वाटणी नेहमीचीच! मजकूर, वडिलांकडच्या पूर्वजाच्या नावाने: ‘कॅप्टन जोसाया फॅन्शॉ यांची तलवार, ट्रफाल्गर, १८०५.’ वर म्हणतो, “आधी जाणकाराला दाखव. लोक हल्ली शंका काढतात.”

६ ऑक्टोबर

तलवार चादरीत गुंडाळून बसने गॉस्पोर्टला नेली, क्राउचकडे. म्हाताऱ्याचा जन्म आरमारी तलवारी दुरुस्त करण्यात गेला. म्यानातून काढायच्या आधीच मूठ बघून म्हणाला, “बाईसाहेब, सिंह कुठाय?”

कसला सिंह? तर म्हणे, कॅप्टनची मूठ पांढरी असते आणि तिच्या टोकाला सिंहाचं तोंड. ही काळी, टोक साधं. म्हणजे खालच्या हुद्द्याची – जहाजावरचा तोफमास्तर, सुतार असल्या माणसाची. १९१८ मध्ये त्यांनाही सिंह मिळाला, म्हणजे ही त्याआधीची. आणि मुठीच्या कडीवर कोरलेल्या नांगरावरचा मुकुट राजाचा, राणीचा नाही, म्हणजे १९०१ नंतरचा. “मधल्या सतरा वर्षांतली आहे. ट्रफाल्गरला हिचं लोखंडसुद्धा खाणीत होतं.”

परतताना बसमध्ये हसू आवरेना. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

७ ऑक्टोबर

रूपर्टला सांगितलं. “सिंह लढाईत उडाला असेल.” – आणि मुकुट? तो काय फ्रेंचांनी बदलून दिला? फोन आपटला त्याने.

१२ ऑक्टोबर

आईकडे गेले. चौऱ्याऐंशी वर्षांची. कान गेलेत, जीभ शाबूत. कागदावर लिहून विचारलं, तलवार कोणाची? चहात बिस्किट बुडवत म्हणाली, “माझ्या बाबांची.”

एमस बड, जहाजावरचे सुतार! फॅन्शॉ मंडळी ज्यांना ‘रंधा’ म्हणायची, ते आजोबा.

“माझ्या लग्नात त्यांना स्वयंपाकघरात जेवायला बसवलं होतं, नेल. ते वारल्यावर मी तलवार सासरच्या माळ्यावर नेऊन ठेवली. महिन्याने ‘सापडली’ म्हणून खाली आणली. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने शेकोटीवर टांगली.”

“कोणी नीट बघितलीच नाही?”

“कशाला बघतील? कॅप्टनची म्हटल्यावर झालं.”

जवळजवळ साठ वर्षं हे लोक एका सुताराच्या तलवारीपुढे प्याले उंचावतायत! हसता हसता मला रडू आलं. स्वयंपाकघर काही डोळ्यांपुढून जाईना. पाटीवर काय घालू, विचारलं.

“भिंतीवर खोटं चालून गेलं. पितळेत कोरू नकोस.”

रूपर्ट पुन्हा माझं तोंड बघणार नाही. तरी उद्या पाटीवाल्याकडे जाणार.

२१ ऑक्टोबर

रिवाजाप्रमाणे सगळे उठले आणि लढाईत पडलेल्यांच्या नावाने, तलवारीपुढे, एक शब्द न बोलता प्याले रिकामे केले. मग रूपर्टने पाटीवरचा रुमाल ओढला. ‘एमस बड, जहाजावरचे सुतार, यांची तलवार.’

सगळे बसले. रूपर्ट तेवढा उभाच.

“बस आता, रूपर्ट,” आई म्हणाली. “आजोबांना पोचलं.”