आमच्या लग्नाच्या सालची पोर्ट

साकोली, रविवार

राग अजून उतरत नाही. पोर्तुगालहून मित्राने आणलेली पोर्ट वाइन, वीस वर्षं मुरलेली, आमच्या लग्नाच्या सालची! गाळ तळाशी बसावा म्हणून बाटली दोन दिवस उभी ठेवली होती. आज ती न हिंदकळू देता, हळूहळू ओतायची होती. आणि माझ्या मेहुण्याने, विलासने, ती उचलून खळाखळा हलवली.

"अरे, काय करून राहिला?"

"काहून भाऊजी? पोर्ट हलवूनच घेतेत ना! ताईच्या बाळंतपणात आणली होती, तवा बाटली दवाईवानी हलवूनच देत होतो."

ती दुकानातली गोड, स्वस्त पोर्ट. ही ती नव्हे! वाट्टेल ते बोललो त्याला. घोट घेतला तर जिभेवर कण. त्यामागे मनुका, जुनं लाकूड, काहीतरी फार खोल. गाळ नसता तर कशी लागली असती? हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. इतकं बोलायला हवं होतं का?

विलास उठला, स्वयंपाकघरात गेला आणि आपला पेला माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या हातात दिला.

"घे ताई. लगन तुयंबी होतं ना?"

"तुयाच ध्यानात आलं बाबू," ती हसून म्हणाली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

बाटली हलवली ही त्याची चूकच. त्यावरचा राग खराच आहे. पण पेले मी मांडले होते. दोनच. एक माझा, एक विलासचा.