सैल

८ मार्च, रविवार
बोट उलटली. बरुआसागरच्या तलावात. सुकाणू माझ्या हातात, शिडाचा दोर लेकीच्या, सईच्या. वारा एकदम आडवा आला, बोट कलली, मी ओरडले, "सैल कर! सैल!" आणि कार्टीने दोर दोन्ही हातांनी आणखी ओढून धरला. मग नुसतं पाणी. सई शिडाखाली. तिचा हात सापडेपर्यंत मी अर्धी मेले.
जॅकेट अंगात होतं म्हणून. तिच्या कपाळाला खोक, टाके नाहीत.

९ मार्च
ऑफिसात लक्ष नाही. संध्याकाळी विचारलंच, दोर का ओढलास?
"आप ही तो चिल्लाईं, सेल, सेल! मुझे लगा पाल कसने को बोल रही हो."
घ्या. आमच्या देवगडला दोर सैल करतात, म्हणजे ढिला. बाबांच्या होडीत ऐकत वाढले. सई झाशीची. मराठी कळते, बोलते हिंदी, आणि बोट शिकली क्लबच्या सरांकडून, इंग्रजीत. तिथे सेल म्हणजे शीड, हिंदीत पाल. मी सोड म्हणत होते, ती ताण समजली.
हसावं की रडावं. बाथरूममध्ये रडले.

१० मार्च
हे म्हणाले, "झाशीत कसली बोट? तरी मी सांगत होतो." ह्यांनी पाणी बादलीतच पाहिलेलं. पण हौस माझी, पोर पाण्याखाली. हात दाखवून अवलक्षण.
तरी, बोटीत बसली की तिचा चेहरा जो खुलतो, तो ह्यांनी पाहिलाय कुठे.

१२ मार्च
सई आज आपणहून बोलली. "संडे को जाऊँगी. आपके साथ... पता नहीं."
मग तोडगाही तिनेच काढला. सैलऐवजी ढील म्हणायचं. पतंगाची ढील, दोघींना कळते. पोळ्या लाटताना घोकत होते, ढील, ढील. एक करपली.

१४ मार्च, शनिवार
ऊन आतापासूनच भाजतंय. गच्चीवर हिरवी जाळी बांधली. दोर सई ताणत होती, माझा अंगठा दोर आणि पाइपमध्ये सापडला. "सैल! अगं, सैल कर!"
जित्याची खोड. दोन दिवसांची घोकंपट्टी गेली.
सईने तत्क्षणी दोर सोडला. मला अंगठ्यापेक्षा त्याचाच आनंद. म्हटलं, "कळलं की तुला!"
"छत पे समझ आता है, आई. पानी पे नहीं." फ्रिजमधून बर्फ आणून अंगठ्यावर धरला तिने. हलक्या हाताने. "और डर गईं तो आपके मुँह से यही निकलेगा."
खरं आहे.
उद्याची पिशवी भरून दारात ठेवली. जॅकेटं दोन्ही ठेवलीत. माझं ती काढून ठेवते का, ते सकाळी बघायचं.