ग्रेडरसाहेबांचा गरम नाश्ता

७ नोव्हेंबर २००५, सोमवार. दारव्हा.
आजपासून नवीन जीवनशैली. काल एका डॉक्टरांचं व्याख्यान ऐकलं. सकाळी फिरायचं आणि घरी शिजवलेला गरम नाश्ता करायचा, म्हणजे बीपी आणि शुगर दोन्ही ताब्यात. मी खुर्चीत बसल्याबसल्याच ठरवून टाकलं. माझा स्वभावच तसा.
साधना उर्वशीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली, त्याला आता बरेच महिने झाले. लेकीचं पहिलं बाळंतपण, आईने जायलाच हवं. नातू बसायला लागला की येते म्हणाली होती. नातू आता रांगतो. याचा माझ्या निर्णयाशी काही संबंध नाही. हे निव्वळ आरोग्यासाठी आहे.
उद्या: पाचला उठणे. फिरणे. उपमा.

८ नोव्हेंबर, मंगळवार
आठला उठलो. झोप भरपूर घ्या, असंही डॉक्टर म्हणालेच होते.
फिरणं: बसस्टँडपर्यंत. तिथे इंदूबाईच्या टपरीवर तर्री-पोहे आणि एक आलुबोंडा. तेही शिजवलेलंच असतं, आणि गरम. घरी नसतं एवढाच काय तो फरक. उद्यापासून घरी.

१० नोव्हेंबर, गुरुवार
उपमा केला. रवा आधी भाजायचा असतो, हे नंतर कळलं. पाण्यात पडल्यावर तो एकजीव झाला, आणि झाला तो झालाच. सुरीने वड्या पाडून डब्यात भरल्या, केंद्रावर नेल्या.
आमचं कापूस खरेदी केंद्र म्हणजे एकेकाळी बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. मी ग्रेडर. मूठभर कापूस उपसायचा, धागा ओढून बघायचा आणि प्रत सांगायची. यंदा केंद्राचा भावच इतका पडला की लोक गावातच व्यापाऱ्याला माल देऊन मोकळे होतात. अख्ख्या यार्डात मी आणि चौकीदार नागोराव. दोघं मिळून रस्त्याकडे बघतो.
नागोरावने उपम्याची वडी खाल्ली. कशी आहे विचारलं तर म्हणाला, साहेब, आता संध्याकाळलोक काही खा लागत नाही. पौष्टिक आहे, असा त्याचा अर्थ.

१३ नोव्हेंबर, रविवार
साधनाचा फोन. रविवारी करते. काय खाऊन राह्यले, म्हणाली. उपमा केला म्हटलं.   लगेच म्हणाली, तुम्ही? गॅस पेटवता येते तुमाले?
हे जरा लागलं. मग मी थालीपीठही सांगितलं. मग सांबारवडी. भाकरीचा कुस्करा कसा खमंग परततो, तेही सविस्तर सांगितलं. ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.
हे खोटं नाही. फक्त आगाऊ सांगितलंय. करणारच आहे.
फोन ठेवल्यावर घर एकदम गप्प झालं. रेडिओ लावला.

१६ नोव्हेंबर, बुधवार
पोहे. सकाळचा वेळ वाचावा म्हणून रात्रीच भिजवून ठेवले. असं नियोजन बायकांना सुचत नाही. सकाळी पातेल्यात पोहे नव्हते, खळ होती. पतंग चिकटवायला उत्तम.
इंदूबाईकडे गेलो. अभ्यास म्हणून. ती कांदा कधी टाकते, हळद कधी, सगळं नीट बघायचं होतं, पण तेवढ्यात प्लेट आली.
साधनाच्या पोह्यांची प्रत मी रोज सांगायचो. पहिला घास घेतला की, 'फेअर ॲव्हरेज.' सुपर एकदाही दिलं नाही. ग्रेडर सैल पडला की माल घसरतो. तिच्या हाताची चव टिकली ती माझ्यामुळे.

२१ नोव्हेंबर, सोमवार
मुंबईहून टीव्हीवाले आले होते. कॅमेरा, छत्री, सगळं. रिकामं यार्ड बघून त्यांना फार आनंद झाला. माझ्यापुढे माइक धरून विचारलं, इथल्या परिस्थितीवर उपाय काय? मी नाश्त्याचं महत्त्व सांगितलं. मुद्देसूद सांगितलं. त्यांनी माइक नागोरावकडे नेला.
मग ते इंदूबाईकडे आलुबोंडे खायला गेले. मीही गेलो. ती म्हणत होती, कापसाच्या गाड्या बंद झाल्या तं माहा धंदाही बसला जी. ग्रेडरसाहेब तेवढे रोज येते.
हे तिने चारचौघांत बोलायला नको होतं.

२७ नोव्हेंबर, रविवार
साधना येते आहे! शुक्रवारी संध्याकाळच्या बसने. फोनवर म्हणाली, एकदा पाहाच लागते तुमचं थालीपीठ.
किती दिवस राहणार, विचारलं नाही. विचारलं की माणूस उत्तर देतो.
रोज प्रॅक्टिस करणार.

२९ नोव्हेंबर, मंगळवार
थालीपीठ तव्याला. तवा अजून भिजत.

१ डिसेंबर, गुरुवार
पोह्यांवर ठाम. थालीपीठ हिवाळ्यात जड पडतं. पोहे करपले. दुसरे केले, त्यात मीठ दोनदा पडलं. उद्या घर झाडायचं, म्हणून सराव स्थगित. ऐनवेळी मी बरोबर करतो. दहावीच्या गणितातही असंच झालं होतं.

२ डिसेंबर, शुक्रवार
आली. एक पेटी आणि दोन गच्च पिशव्या. नागोरावला बोलावून पेटी घरात घ्यावी लागली. एवढं सामान कशाला, कळलं नाही. नातवाचे जुने कपडे असतील.
थकली होती, लवकर झोपली. आत कोणीतरी कूस बदलतंय, हा आवाज मी विसरलोच होतो.

३ डिसेंबर, शनिवार
पाचला उठलो. ठरवलं की उठतो, हे सिद्ध झालं. आपली कढई घेऊन बसस्टँडवर गेलो. म्हणजे फिरणंही झालं. इंदूबाई म्हणाली, साहेब, कढई कायले आणली? बिना तर्रीचे पोहे दे म्हटलं. बाई आल्या वाट्टे, म्हणाली, आणि हसत हसत मूठभर जास्तच भरले.
घरी येऊन कढई गॅसवर ठेवली. वरून हिरव्या सांबाराची जुडी चिरून घातली, खोबरं घातलं, लिंबू ठेवलं. गाडीत वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली किडकी कवडी भरून आणणारे मी जन्मभर पकडले. त्यांना त्या वेळी काय वाटतं, ते आज कळलं. काही वाटत नाही. ग्रेडरने लवकर पुढे जावं, एवढंच वाटतं.
साधना उठली. तिला खुर्चीवर बसवलं, प्लेट हातात दिली. ती सावकाश खात होती. म्हणाली, आजलोक तुमचं झाल्यावर खाल्लं मी. गरम पोहे असे लागते, हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं, तिला गार आवडतात.
मग विचारलं, खरंच तुमीच केले? मीच, म्हणालो. माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं. मीच, म्हणालो. जरा जोरात.
प्लेट खाली ठेवून म्हणाली, मी तं सारंच सामान घेऊन आली होती. उर्वशी लय म्हणे, आई थांब, मले नोकरीवर जा लागते, बाळाले कोण पाहीन? पण माहा जीव इकडं. म्हटलं, एकटा माणूस, उपाशी राहत असन, फोनवर उगाच फुशारकी मारून राह्यला. आता डोळ्यानं पाह्यलं. तुमचं झकास चालू हाये. मंग मी परत जाते. तिले जास्त गरज हाये.
पेटी कोपऱ्यात होती. अजून उघडलेली नव्हती.
मी तोंड उघडलं. नक्की उघडलं. इंदूबाईचे आहेत, एवढे दोनच शब्द होते. पण तिने आणखी थोडे वाढून घेतले, आणि इतक्या कौतुकाने बघितलं माझ्याकडे. असं तिने लग्नातही बघितलं नव्हतं. मी म्हणालो, कांदा जरा कमी पडला.

४ डिसेंबर, रविवार
नागपूर बसमध्ये बसवून दिलं. पेटी टपावर चढवली, हमालाला हात लावू दिला नाही. व्यायाम. बस वळेपर्यंत ती खिडकीतून हात हलवत होती. मी खूप वेळ तिथेच उभा होतो. इंदूबाईने हाक मारली नाही.
जाऊ नको, असं म्हणता आलं असतं. सोपं होतं.

५ डिसेंबर, सोमवार
पाचला जाग आली. उठलो नाही. नाश्ता नाही. एखादं लंघन प्रकृतीला चांगलं असतं. कधी नव्हे एवढं एकटं वाटतंय, ते रिकाम्या पोटामुळे असावं.
आठला साधनाचा फोन. सुखरूप पोचली. नातू तिला सोडायला तयार नाही. मागून तो ओरडत होता. आज काय केलं, म्हणाली.
धिरडी, म्हणालो. गरम गरम.