दारासमोरून जाणारी रेल्वे

३ जानेवारी, सकाळी ७
अंगणात छोटी रेल्वे उभारायची. इंजिन, दोन डबे, रूळ, सगळं जुन्या बाजारातून स्वस्तात आणलंय. पंधरा दिवसांत गाडी धावणार. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पंचवीसला, म्हणजे वेळच वेळ. नंतर ही दारात खुर्ची टाकून गाडी बघत बसेल. खरं तर सगळं तिच्यासाठीच.

८ जानेवारी
रूळ दोन-दोन विटांवर टाकतोय. विटा पडक्या भिंतीच्या, फुकट. ही म्हणाली, न्हाणीघरात धरायला एक दांडा बसवाल का? बसवतो म्हटलं. आधी मोठं काम.

१२ जानेवारी
इंजिन वळणावर पडतं. वळण मोठं हवं. म्हणून लाईन गेट आणि दार यांच्या मधून नेली. ही म्हणाली, अहो, मी आत-बाहेर करायचं कसं? म्हटलं, ओलांडायचं. हसली. पटलं असावं.

१७ जानेवारी
रूळ गंजले. विकणाऱ्याने सांगायला नको? तेल चोपडलं. आता चाकं जागच्या जागी फिरतात. तेल पुसायला हिला बसवलं असतं, पण तिला खाली बसता येत नाही. सगळं एकट्यानेच करावं लागतं.

२४ जानेवारी, दुपारी
हिला मोठ्या मेहुणीबाई हॉस्पिटलात घेऊन गेल्या. उद्या सकाळी आठला सही करायला या म्हणाली. दोनदा म्हणाली. मी काय लहान आहे?

२५ जानेवारी
एक फेरी पूर्ण! दुसरी बघून निघालो. पोचायला साडेअकरा. सही मेहुणीबाईंनी केली होती. म्हणाल्या, या भावजी, गाडी लेट झाली वाटतं. हॉस्पिटलातसुद्धा टोमणे.

३० जानेवारी
आज हिला घरी सोडणार होते. मेहुणीबाई आधी येऊन विटा बघून गेल्या. म्हणाल्या, सहा आठवडे तिने काही ओलांडायचं नाही, हे काढा, मगच आणते. एवढं जमलेलं वळण काढू? म्हटलं, मधला तुकडा उचलता येईल असं फाटक करतो, आठच दिवस द्या. हिला फोन केला. म्हणाली, नका काढू, मी ताईकडे राहते. किती समजूतदार!

८ फेब्रुवारी
फाटक झालं. लाल-पांढरं रंगवलं. सांगायला फोन केला, उचलत नाही. दुखत असेल.

१४ मार्च, संध्याकाळी
सहा आठवडे संपले. मेहुणीबाई एकट्याच आल्या. हिचं कपाट रिकामं केलं, कागदपत्रांची फाईलसुद्धा घेतली. विचारलं, ही कधी येतेय? फाटक तयार आहे. म्हणाल्या, भावजी, ती आता छान चालते. जिना चढते. इथे यायचं नाही म्हणते.
दोन बॅगा होत्या, जड. गाडी नेमकी दारासमोर येत होती.
थांबवली. फाटक उघडून दिलं.